माप काखेपर्यंत

ये, असा दाराशी उभा राहा, उजेडात.
खांदे सैल सोड. छाती काढू नकोस,
इथे कुणी सैन्यात भरती करत नाही.
प्रार्थनेच्या काठीचं माप काखेपर्यंत घेतात
आणि ताठ माणसाचं माप नेहमी चुकतं.

हे रानजैतुनाचं लाकूड,
दोन वर्षं चुलीवरच्या माळ्यात धुरावलंय.
आडवी मूठ पितळेची हवी की शिंगाची?
पितळ दिसतं छान.
पण लास्ताच्या डोंगरातली पहाट तुला ठाऊक आहे.
शिंग घे.

माझ्या पायाकडे बघतोयस. बघ ना.
तिसऱ्या वर्षी ताप आला
आणि जाताना हा पाय घेऊन गेला.
आई, येशिमेबेत, मला पाठुंगळी मारून
मरिगेता हबतेमिकाएलकडे गेली,
म्हणाली, पोरगं गातं चांगलं.
त्यांनी आवाज ऐकला. मग पाय पाहिला.
"रात्रभर उभं राहावं लागतं, बाई.
देवापुढे कुबडी चालत नाही."
तरी ठेवून घेतलं, पाणी भरायला.

आणि खरंच, चाळीस वर्षं तो माणूस
दिवेलागणीपासून कोंबडा आरवेपर्यंत उभा असे.
काठी हातात, पण नुसती हातात,
तलवार धरावी तशी.
ढोलाच्या ठेक्यावर तिचं टोक दगडावर आदळे
आणि आम्ही पोरं दचकून सूर सावरायचो.
मला मागच्या खांबाआड जागा होती.
तिथे मी टेकून गायचो. चोरून.

मग एका वर्षी उपासाच्या दिवसांत
मरिगेतांचं उजवं अंग गेलं.
उत्तम शुक्रवारी सगळं गाव वाकत होतं,
कपाळ जमिनीला, पुन्हा उभं, पुन्हा कपाळ,
शेकडो वेळा, पांढऱ्या शाली धुळीनं तांबूस झालेल्या.
तो भिंत धरून आला.
वाकता येईना, उभं राहता येईना.
पुढची त्याची जागा लोकांनी मोकळी ठेवली होती.
तो तिकडे गेलाच नाही.
खांबाआड माझ्याशेजारी थांबला
आणि वाकड्या ओठांनी म्हणाला,
"फिसेहा, कसं टेकतात रे?"

मला वाटलं, टोमणा आहे.
पण हनुवटीवर लाळ होती
आणि ती पुसायला त्याचा हात उठत नव्हता.

मी माझी काठी त्याच्या काखेत दिली.
इथे. आता भार सोडा.
नाही, अजून धरून ठेवलंय तुम्ही स्वतःला.
गुडघा थरथरत होता, जबडा आवळलेला.
सोडा, मरिगेता. ती पडणार नाही.

काठी करकरली.
लाकूड भार घेतं तेव्हा येतो तो आवाज.
देव ऐकलायस का कधी, असं कुणी विचारलं
तर मी तेवढंच सांगतो.

मग तो गायला.
अर्धे शब्द तोंडातच मोडायचे, ते मी उचलायचो.
वाटेत प्रभू कोसळला
आणि त्याचं लाकूड एका परक्यानं खांद्यावर घेतलं,
ही ओळ त्यानं आयुष्यभर बिनचूक म्हटली होती.
त्या दिवशी ती आली आणि तो थांबला.
बराच वेळ. ढोलवालाही थांबला.
असा भरलेला गाभारा मी पुन्हा ऐकला नाही.

लोक म्हणतात, हात टेकले म्हणजे हरलो,
गुडघे टेकले म्हणजे शरण गेलो.
मग कपाळ टेकताना आपण काय करतो,
असं वाटतं तुला?

असो. पैसे सणानंतर दे.
आणि टोकाला लोखंड लावून मागू नकोस,
मी लावत नाही.
लाकूड झिजू दे, वर्षाला नखभर आखूड होईल.
तूही होशील.

घे, टेकून बघ.

नाही.
अजून धरून ठेवलंयस.